एक जादा अक्षर

प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांना लागून एक टेबल होतं, टेबलावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरसमोर ताई. लहानथोर सगळेच त्यांना ताई म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. हातात घेतलेल्या कामाचा निकाल लावल्याशिवाय उठायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

तिथे बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला दवाखान्याकडून दर महिन्याला एक ईमेल जाई. 'तुमचं बाळ दोन महिन्यांचं झालं, आता ते तुमच्याकडे बघून हसेल', अशा थाटाचा. त्यातले बरेच हल्ली परत येऊ लागले होते.

"पत्तेच चुकीचे आहेत, ताई," मॅनेजर म्हणाला. "तुमच्याशिवाय हे कोण निस्तरणार?"

ताईंनी बाह्या सरसावल्या. कुठे टिंबाच्या जागी स्वल्पविराम पडलेला, कुठे 'कॉम'चं 'कॉन' झालेलं, कुठे पत्त्याच्या शेपटीला न दिसणारी मोकळी जागा. एका बहाद्दराने तर ईमेलच्या रकान्यात घराचाच पत्ता दिला होता, वर 'जिना अंधारा आहे, जपून या' अशी सूचना. ताई एकट्याच खुदकन हसल्या. शंका आली की त्या दाखल होतानाचा फॉर्म काढून ताडून बघत.

एका पत्त्यात बाईच्या नावापुढे एक अक्षर जादा होतं. फॉर्मवर मात्र तिच्या हातचा पत्ता ठसठशीत आणि बरोबर. 'टाइप करताना बोट घसरलं असणार,' ताई पुटपुटल्या. त्यांनी अक्षर खोडलं आणि तिचे अडकलेले सगळे ईमेल पाठवण्याचं बटण दाबलं. सहाच्या सहा भुर्रकन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पुरुषाचा आवाज, शब्द जपून वापरणारा.

"माझ्या बायकोचा ईमेलचा पत्ता कुणी बदलला?"

"बदलला नाही हो, दुरुस्त केला. मीच केला," ताई हौसेने म्हणाल्या. "एक अक्षर जादा पडलं होतं."

 

"ते अक्षर मी घातलं होतं," तो म्हणाला. "आमची मुलगी तुमच्याच दवाखान्यात गेली. जन्मली त्याच आठवड्यात."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"पहिला मेल आला तेव्हा बायको झोपली होती, फोन माझ्या हातात होता. यादीतून नाव काढायला गेलो, तर कारण विचारत होते. मेल फार येतात, मजकूर उपयोगाचा नाही, बाळ मोठं झालं, इतर. 'इतर'वर बोट ठेवायची छाती झाली नाही हो. त्याच पानावर पत्ता बदलता येत होता, म्हणून तोच बिघडवून ठेवला. आणि काल ती ऑफिसात असताना एकामागोमाग एक सहा मेल! शेवटच्यात काय आहे, माहितीय तुम्हाला?"

ताईंना माहीत होतं. शेवटच्यात बाळ आधाराशिवाय बसतं.

"चुकलं माझं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"तुमचं कुठे चुकलं? तुम्ही बरोबरच केलंत," तो म्हणाला, आणि ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅनेजर म्हणाला, "आपल्याला कसं कळणार, ताई?" ताई उठल्या. सरळ वर वॉर्डात गेल्या. थोरल्या सिस्टर चादरींच्या घड्या घालत होत्या.

"जी बाळं राहिली नाहीत, त्यांच्या आयांची नावं तुमच्याकडे असतात?"

"असतात की."

"मग आमच्याकडे का नाहीत?"

सिस्टरांचा हात थांबला. "कुणी मागितलीच नाहीत," त्या म्हणाल्या.

ती सगळी नावं ताईंनी त्याच दिवशी ईमेलच्या यादीतून एकेक करून काढली. घरी गेल्यावर त्यांनी जेवणाला हातही लावला नाही. नवऱ्याने खोदून खोदून विचारल्यावर सगळं सांगितलं. "तू काय मुद्दाम केलंस?" तो समजुतीने म्हणाला. "नाही ना," ताई म्हणाल्या, "हौसेनं केलं."

आठवडा संपायच्या आत एक तरुण बाई मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खांद्याला ऑफिसची बॅग. तिने नाव सांगितलं आणि ताई खुर्चीवरून उठल्याच.

"बसा ना. भांडायला नाही आले मी," ती म्हणाली. "घरात कुणी तिचा विषयच काढत नाही. सासूबाई उठून स्वयंपाकघरात जातात. हे टीव्हीचा आवाज वाढवतात. आई म्हणते, वय आहे अजून, होईल दुसरं. त्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये मी पहिल्यांदा पोटभर रडले." तिने कॉम्प्युटरकडे बघितलं. "आठव्या महिन्यात काय असतं?"

"कशाला गं जिवाला लावून घेतेस?"

"सांगा ना."

ताईंनी आठवा ईमेल उघडला. त्या न थांबता वाचत गेल्या. आठव्यात बाळ रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. नवव्यात कुणी नावाने हाक मारली की वळून बघतं.

"आम्ही नाव ठरवलं होतं," ती मध्येच म्हणाली. "कुणाला सांगितलंच नाही." आणि तिने ते ताईंना सांगितलं, अगदी हळू. ताईंनी ते एकदा उच्चारलं. तिने मान खाली घातली.

वर्षाचा शेवटचा ईमेल वाचून झाला. बाळ धरून धरून उभं राहिलं, एक पाऊल टाकलं. तिने डोळे पुसले. "आता मात्र काढून टाका माझा पत्ता," ती म्हणाली.

"तो केव्हाच काढलाय गं. यजमानांना ठाऊक आहे, तू इथे आलीस ते?"

"नाही. माझ्यासाठीच केलं हो त्यांनी. त्यांना काय बोलू?"

"बोलू नकोस काही. त्यांच्याजवळ तिचं नाव घे. त्यांचीही लेकच होती ना गं?"

ती गेल्यावर ताई खिडकीशी गेल्या. फाटकाबाहेर थांबून तिने फोन लावला होता. पहिल्यांदा ओठ हलले, एकच शब्द बोलली असावी. मग नुसतीच फोन कानाला घट्ट धरून भिंतीला टेकून उभी राहिली. माणसं तिला वळसा घालून जात होती.