सेपरेशन की डिव्होर्स

"आमचं सेपरेशन झालंय," असं लेकीसाठी सांगून आलेला वैजनाथ फोनवर म्हणाला आणि विजयमालाबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

"अगं, सेपरेशन काय नि डिव्होर्स काय, एकच," त्यांचे यजमान रंगनाथराव वैतागले. "मिरजगावला बागायत हाय, पोरगा निर्व्यसनी. तुला आपलं चहात माशी शोधायची सवय!"

"एकच कसं? सेपरेशन म्हणजे नवरा-बायको नुसते वेगळे राहतात, लग्न तसंच. डिव्होर्स म्हणजे कायमचं मोकळं. आपल्या निकितानं कोर्टाच्या पायऱ्या काय हौस म्हणून झिजवल्या?"

पण निकिताला वैजनाथ आवडला होता. पहिल्या लग्नात होरपळलेली पोर आता कुठं हसायला लागली होती. म्हणून बाईंनी तोंड आवरलं आणि तिघं सावेडीहून मिरजगावला घर बघायला गेले.

वैजनाथची आई राहीबाई भलतीच गोड. "या विहीनबाई, बसा विहीनबाई!" सुपारी फुटायच्या आधीच विहीणबाई? कुठंतरी पाणी मुरतंय खास! तेवढ्यात पोहे आले. निम्मे पोहे संपले तेव्हा स्टीलच्या डिशवर कोरलेलं नाव दिसलं: चि. सौ. कां. सुकन्या हिस मामाकडून.

सुकन्या म्हणजे वैजनाथची पहिली बायको. संबंध तुटला की मुलीची भांडीकुंडी टेम्पोत भरून माहेरी जातात, चमचासुद्धा मागं ठेवत नाहीत. निकिताचंही सगळं सामान असंच परत आलं होतं.

"सुकन्याची भांडी अजून इथंच?"

"तिचा बाप न्हेईना," राहीबाई गडबडल्या. "म्हनतो, राहू द्या, पोरगी नांदायला येईल कवातरी."

विजयमालाबाईंनी डिश खाली ठेवली. "वैजनाथ, कोर्टातून डिव्होर्स झालाय का? व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

"मावशी, सेपरेशन झालंय ना. ती लई दिवस माहेरीच हाय. आपलं लग्न उरकू, मग डिव्होर्सचं बी बघू निवांत."

बाईंचा संशय खरा ठरला. तो खोटा ठरावा म्हणून त्या रस्ताभर देवाला हात जोडत आल्या होत्या. त्यांनी लेकीकडं पाहिलं.

"निवांत?" निकितानं विचारलं. "आणि तोवर मी तुमची कोण?"

वैजनाथनं आईकडं पाहिलं.

"अगं, लोक सूनच म्हनतील की तुला," राहीबाई म्हणाल्या.

"लोक सुकन्यालाही सूनच म्हणतात," निकिता म्हणाली आणि चपला घालायला उठली.