ऐकू येईल तसं म्हणा

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या सकाळी गाढव मी होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते मनापासून आवडलं.

मामा माझ्या दवाखान्याच्या दारात उभे होते. मी कान तपासते, श्रवणयंत्रं बसवते, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं असणार. त्यांचं घर सोडल्यापासून इतक्या वर्षांत माझी एकदाही चौकशी केली नव्हती. कानांनी दगा दिल्यावर मात्र भाची बरोबर आठवली. मागे मामी, पिशवी पोटाशी धरून, नेहमीसारखी गप्प.

"काय गं पनवती, ओळखलंस का?" मामा ओरडले. ऐकू येईनासं झालं की माणसं ओरडतात. मामा कान शाबूत होते तेव्हाही ओरडायचे.

पनवती हे त्यांनीच दिलेलं नाव. मी आठ वर्षांची होते. शाळेची सहल परत येणार होती, मला आणायला आई अंगात ताप असताना निघाली आणि रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेली. घर माणसांनी भरलेलं असताना मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला आणायला गेली म्हणून मेली माझी बहीण." वडील आधीच गेले होते, म्हणून मी त्यांच्याच घरी वाढले. दूध उतू गेलं, पनवती. दिवे गेले, पनवती. आठ वर्षांच्या पोरीला जे रोज सांगाल ते तिला खरं वाटतं. मला चाळिशीतही वाटत होतं. कुणी प्रेमाने वागलं की मनात यायचं, याला अजून माहीत नाही मी काय केलंय ते.

तपासणीची खोली छोटी, बंद, एका बाजूला काच. पेशंट आत हेडफोन लावून बसतो. मी काचेच्या बाहेर माइकवर एकेक शब्द म्हणते, त्याने तो ऐकू येईल तसा परत म्हणायचा. आवाज किती ठेवायचा ते माझ्या हातात. तो बोलतो ते माझ्या टेबलावरच्या स्पीकरवर येतं, आणि सोबत आलेलं माणूस माझ्या शेजारी बसतं. म्हणून मामी माझ्या शेजारी बसली.

"घर."

"घर," मामा म्हणाले.

"पाणी."

"पाणी."

"माती."

"माती."

शब्दागणिक आवाज कमी करत नेला, त्यांना कुठवर ऐकू येतं ते बघितलं, नोंदलं आणि बटण त्याच्या बरंच वर आणून ठेवलं. मामांची तपासणी तिथे संपली. पुढची माझी होती.

"पनवती," मी म्हणाले.

"पनवती," मामा म्हणाले. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

"फुकटी."

"फुकटी."

"कार्टी."

"कार्टी." इथे भुवया जराशा हलल्या.

"आईला खाल्लंस."

आता उशीर लागला. "आईला... खाल्लंस."

किती गोड वाटलं म्हणून सांगू! त्यांचेच शब्द, त्यांच्याच तोंडात, माझ्या हुकमाने. मामी मला अडवेल असं वाटलं होतं. तिने नुसती पिशवी खाली ठेवली.

मग मी मला खरोखर हवं होतं ते वाक्य म्हटलं. ते मामांच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझी सुटका नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"पोरीची चूक नव्हती."

मामांनी हेडफोन चाचपले.

"पोरीची चूक नव्हती."

"ऐकू नाही आलं."

आवाज वाढवला, पुन्हा म्हटलं.

"काही ऐकू येत नाही. तुझं मशीन बिघडलंय."

याहून कितीतरी हळू म्हटलेली 'माती' त्यांनी झटक्यात पकडली होती. वाटलं, दार लावून घ्यावं आणि हे वाक्य ओकेपर्यंत यांना आतच ठेवावं.

तेवढ्यात मामीने माइक स्वतःकडे ओढला. जन्मभर बोलत आली तशीच बोलली, अगदी हळू.

"अहो, त्या दिवशी पोरीला आणायला तुम्ही जाणार होतात. वन्संना ताप होता, त्यांनी तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही पत्ते खेळत बसलात."

"एकच डाव राहिला होता!" मामा गरजले. "एकच डाव! निघतच होतो मी!"

स्पीकर खरखरला. मग आपल्याला ऐकू आलं हे मामांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी तोंड मिटलं.

"तुला माहीत होतं?" मी मामीला विचारलं.

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"भीत होते. अजूनही भिते. आज मध्ये काच होती म्हणून बोलले."

मला तिचाही संताप आला. तो अजून गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही. पण मामांकडून काही ऐकायची भूक मात्र मेली. पत्त्यांच्या डावापायी बहीण घालवून तो दोष लेकराच्या माथी मारणारा माणूस! त्याच्याकडून कसली सुटका मागत होते मी?

मी माइक घेतला. "माझी चूक नव्हती," असं म्हणाले. परत म्हणा, असं सांगितलं नाही. माझा आवाज मला नीट ऐकू आला आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मामी पाठीवर हात फिरवायला आली, तिला मी फिरवू दिला नाही.

डोळे पुसून मामांना बाहेर बोलावलं आणि यंत्र बसवलं. दुसरी कुणी असती तर तसंच हाकलून दिलं असतं. मी जीव ओतून काम केलं. शेजारच्या खोलीतली कुजबुजसुद्धा सुटणार नाही, इतकं चोख लावलं. मामा खाली मान घालून बसले होते.

"मामी," मी म्हणाले, "आता यांना सगळं ऐकू येईल. त्या दिवसाचं अजून काय काय पोटात ठेवलं असशील, ते रोज थोडं थोडं सांगत जा."

मामांचा हात यंत्र काढायला कानाकडे गेला. मामीने तो मनगटाला धरून खाली आणला.

"असू द्या," ती म्हणाली.