जांभईचा हात

तोशिएची झोप कधीचीच उडाली होती. सकाळी दुकानाचं शटर वर करायचं, दाढीची गिऱ्हाइकं हात जोडून परत पाठवायची, दुपारी बस धरून इस्पितळ गाठायचं. तिला केस कापता येत, पण वस्तरा नवऱ्याचा, सेइजीचा. पक्षाघाताने त्याचा वस्तरा धरायचा उजवा हातच लुळा पडला होता. दुकान चालवायचं की खुर्च्या विकून मोकळं व्हायचं, सगळं त्या हातावर अडलं होतं आणि हात ढिम्म हलत नव्हता.

काल संध्याकाळी त्याच्या खाटेशी बसल्या बसल्या तिला जांभई आली. तिची बघून त्यालाही आली. आणि बघते तर काय, मांडीवर पडलेला तो मेला हात कोपरात वाकून थेट छातीपर्यंत आला आणि जांभई संपताच खाली पडला.

"अहो, उचललात की."

"मी काही केलं नाही बाई."

"गप्प बसा. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

आशेचं काय, तिला एवढंसं निमित्त पुरतं. आज तिने ते मिझोगुची सेन्सेईंना सांगितलं. ही थेरपिस्ट या नवराबायकोला मुलीसारखी, पण मानाने तिला सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणायचं. तिने सेइजीच्या दंडाला, मनगटाला चिकट चकत्या लावल्या. सुई नाही, दुखणं नाही. स्नायू जरा जरी जागा झाला तरी शेजारच्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ उडते.

"हात उचला."

सेइजीने सगळा जीव लावला. खांदा कानाला टेकला, कंबर वाकडी झाली, तोंड लाल झालं. रेघ आडवीच.

"आता जांभई देऊन बघा."

"सेन्सेईंच्या तोंडावर?" तो पुटपुटला. "छे, छे. काहीतरीच."

त्याच्या नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं, दात मात्र घट्ट. तोशिए कपाळाला हात लावून बसली. एवढे महिने हा माणूस रीत सांभाळत इथे जांभया गिळत होता, मग कुणाला काय दिसणार?

मिझोगुचीने मास्क खाली ओढला आणि तोंडावर हात न धरता चांगली आऽ करून जांभई दिली. ती खरीच होती. पोरगीही दमलेली होती. मग सेइजीचा इलाज चालेना. हात वर आला, रेघ उडाली. तोशिए रेघेकडे नाही, पोरीच्या तोंडाकडे बघत होती. तिथे आनंद नव्हता.

"असं होतं काही जणांना," मिझोगुची हळूच म्हणाली. "जांभईची वाट वेगळी, मनाची वेगळी. स्नायू जिवंत आहे, पण तो यांचं ऐकत नाही."

"म्हणजे वस्तरा?"

"वस्तऱ्याची आशा धरू नका."

तोशिएला रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं.

संध्याकाळचं जेवण तिने त्याला भरवलं.

"खुर्च्या विकून टाक," शेवटचा घास गिळून तो म्हणाला. "फार दमलीस तू."

तिने स्टूल त्याच्या उजव्या अंगाला ओढलं आणि मुद्दाम तोंड उघडलं. खोटी जांभई अर्ध्यावर खरी झाली.

"काय चाललंय तुझं," म्हणता म्हणता त्यालाही आली.

हात वर आला. तिने तो वरच्या वर दोन्ही हातांत धरला. गेल्या वर्षापासून तो हात आपणहून तिच्याकडे आला नव्हता. जांभई सरली, हात जड झाला, पण तिने सोडला नाही.

"विकते खुर्च्या," ती म्हणाली. "आता अजून एक द्या."