उघडं राहिलेलं पातं

मित्रांनो, मी डेल्बर्टच्या खिशातला जुना चाकू. आहे घडीचा, पण कितीतरी दिवस कुणी माझी घडी घातली नव्हती. केंटकीच्या डोंगरातल्या एका पडवीत, झुलत्या खुर्चीशेजारी मी उघडाच पडून होतो. बायकोसाठी सफरचंद सोलता सोलता डेल्बर्ट गेला आणि मी तसाच राहिलो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. पोलादी पातं, बैलाच्या हाडाची मूठ. तरुणपणी डेल्बर्टने शिकारी कुत्र्याचं पिल्लू देऊन मला मिळवलं. गावच्या कचेरीसमोरच्या बाकावर आमच्याकडचे म्हातारे लाकूड तासत बसतात आणि चाकूंची अदलाबदल करतात. तिथूनच त्याचा संग्रह वाढला. बाकीचे चाकू जावयासारखे मखमलीवर लोळायचे. त्यांनी जन्मात लोणीसुद्धा कापलं नाही. राबायला मी. तंबाखूची पानं, दोरखंड, माशांची पोटं, सगळं माझ्या वाट्याला. "हा माझा उजवा हात," असं तो बाकावर सांगे आणि मी फुगून जाई.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने चाकू उघडला, त्यानेच तो मिटायचा. दुसऱ्याने मिटला तर अरिष्ट येतं. म्हणून डेल्बर्टची बायको व्हर्जी मला रोज फडक्याने पुसायची, पण मिटायची नाही. "त्यांचं काम अर्धं राहिलंय," म्हणायची. मला ते पटायचं. भर दुपारी, वारा पडलेला असताना खुर्ची हलायची. त्याच्या तंबाखूचा वास यायचा. माझ्या मुठीवर त्याचा अंगठा टेकायचा, थंडगार, जोर नसलेला. मला भीती वाटायची आणि तरी मी वाट पाहायचो.

व्हर्जीने घर विकलं होतं. तिला ओहायोला मुलीकडे राहायला जायचं होतं. पण मला उघडं टाकून तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मुलगी न्यायला आली आणि हात हलवत परत गेली. शेवटी संग्रह विकत घ्यायला एल्झी आला, डेल्बर्टचा बाकावरचा सोबती.

एल्झी एकेक चाकू कानाशी धरून मिटू लागला. मिटताना पातं खणखणीत वाजलं की भाव चढतो. मखमलीवरच्या मंडळींना चांगला भाव आला. मग त्याचा हात माझ्याकडे वळला.

"त्याला नको, भावजी," व्हर्जी म्हणाली.

"वहिनी, आवाज ऐकल्याशिवाय किंमत कशी सांगू?"

"ज्याने उघडला त्यानेच मिटायचा. बाकावर पोरांना तुम्हीच दटावता ना?"

"दटावतो. पण डेल्बर्ट आता कुठून येणार? का आपण सगळे तिकडे जाईपर्यंत हा असाच जांभई देत बसणार?"

व्हर्जी हसली नाही. ती खुर्चीकडे बघत होती. खुर्ची हलत होती. एल्झीनेही ते पाहिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्यांनी नव्हता उघडला," ती हळूच म्हणाली. "शेवटी शेवटी शेवटी शेवटी त्यांची बोटंच वळत नव्हती. रोज मीच उघडून द्यायची. बाकावर यायचे तेव्हाही, उघडाच फडक्यात गुंडाळून आणायचे. तुम्हाला कळू नये म्हणून."

"ठाऊक होतं आम्हाला. आम्ही मुद्दाम तिकडे बघायचो नाही."

व्हर्जीने हातातल्या फडक्याची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"म्हणजे मिटायचा तुम्हीच," एल्झी म्हणाला.

"हो. म्हणूनच हात धजत नव्हता. मी मिटला की ते गेलेच."

पात्याच्या खाचेत रुतून मला उघडणारं तिचं नख मलाही ओळखीचं होतं, मित्रांनो. पण त्या थंड अंगठ्याच्या ओढीने मी ते मनात येऊ दिलं नव्हतं.

तिने मला उचललं आणि पात्याच्या पाठीवर तळवा दाबला. सांध्याला गंज चढला होता, मी अडलो. तिने पुन्हा दाबलं. मी मिटलो. आवाज अगदी मिळमिळीत आला. एल्झीने किंमत सांगितली नाही. खुर्ची थांबली.

"जा आता," ती खुर्चीला म्हणाली. "माझं मी सोलून खाईन."

मखमलीवरचे सगळे एल्झी घेऊन गेला. मी व्हर्जीच्या पिशवीतून ओहायोला आलो. मित्रांनो, चाकू कोरडा ठेवत जा, सांध्यात तेलाचा थेंब सोडत जा. आणि आपल्या हाताने उघडलेलं आपणच मिटा. गेलेल्या माणसावर ते सोपवू नका. व्हर्जी आता रोज मला उघडते, सफरचंद सोलते, मिटून ठेवते. त्या थंड अंगठ्याची मला फार आठवण येते. तो पुन्हा कधी आला नाही.