डावं वळण

टेलरताईंची मोटरसायकल आठाच्या आकड्यात दोनदा बंद पडली, आणि दोन्ही वेळा डाव्या वळणावर. परवान्याची चाचणी घेणाऱ्या साहेबांना दया आली. "चारच्या आत परत या. नाहीतर पुढची तारीख महिन्यानंतर," ते म्हणाले. महिन्यानंतर येऊन काय उपयोग! शाळेच्या तीनशे गणवेशांचं काम परवा ठरायचं होतं, आणि मुख्याध्यापिकाबाईंची अट एकच होती: कपडे स्वतः पोहोचवायचे, त्यासाठी परवाना दाखवायचा.

घरी येताना गाडी नवऱ्याने चालवली, तर मेली एकदाही बंद पडली नाही. नवरा वीस वर्षं बस चालवत होता. चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्याची समजूत होती.

"क्लच झटक्यात सोडतेस तू," तो म्हणाला.

"अहो, शनिवारी शोरूममधून सर्व्हिसिंग करून आणली, तोवर बरी होती की! रोज आठ काढत होते मी."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी शोरूमला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "गाडी एकदम ओके आहे, मॅडम. तुम्ही शिकाऊ ना?" दोघेही एकाच माळेचे मणी.

गिऱ्हाईक 'ब्लाउज कुठेतरी काचतो' म्हणालं, तर ताई कधी वाद घालत नसत. हात वर करा, खाली करा, कुठे ओढतंय ते सांगा, एवढंच म्हणत. गाडीलाही तसंच विचारायचं त्यांनी ठरवलं. मेन स्टँडवर लावली, न्यूट्रलमध्ये चालू केली आणि हँडल उजवीकडे फिरवलं. इंजिन मजेत चालू राहिलं. मग डावीकडे, अगदी शेवटपर्यंत. इंजिन खटकन बंद!

"आता क्लच कुणी सोडला हो?"

नवऱ्याने टॉर्च आणून धरला. हेडलाइटच्या मागे सगळ्या वायरींची मोळी करून कुणीतरी प्लास्टिकच्या पट्टीने कचकून आवळली होती. सर्व्हिसिंगवाल्याला टापटिपीची भारी हौस! हँडल पूर्ण डावीकडे गेलं की एक वायर ताणली जाऊन जोडातून सरकत होती. रस्त्यावर हँडल इतकं वळतंच कुठे? म्हणून नवऱ्याच्या हाती गाडी गुणी बाळासारखी वागली.

"अंगणच वाकडं होतं म्हणायचं," तो पुटपुटला.

"जरा मोठ्याने बोला."

"अंगणच वाकडं होतं, बाई!"

ताईंनी पट्टी कातरली, जोड घट्ट बसवला, आणि दोन बोटं ढील ठेवून वायरी पुन्हा बांधल्या. हँडल चार वेळा डावीकडे फिरवून पाहिलं. इंजिन एकदाही बंद पडलं नाही.

चारला दहा मिनिटं असताना ताई चाचणीच्या मैदानात उतरल्या. डावं वळण आलं तसं त्यांनी हँडल पूर्ण फिरवलं. गाडी वळली, पाय जमिनीला लागला नाही, आणि ताईंना इतका आनंद झाला की भर मैदानात ओरडावंसं वाटलं.

"पास!" साहेब म्हणाले.

गाडी थांबली नाही. ती पुन्हा डावीकडे वळली, मग आणखी एकदा.

"अहो ताई, पास झालात! उतरा आता!"

"ऐकलं, साहेब!" ताई हसत ओरडल्या. "एवढं एक डावं वळण घेते!"