ग्लेनला वाचावा लागलेला कायदा

अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या चीज कारखान्यात कॉरिन नऊ वर्षं कामाला होती, पॅकिंगच्या बायकांची मुकादम म्हणून. नवरा रोमन लष्करात सार्जंट. जानेवारीत त्याला अचानक हुकूम आला, पाच दिवसांत परदेशी निघायचं. कॉरिनने हुकुमाची प्रत जोडून आठवड्याची रजा लेखी मागितली. मृत्युपत्र, मुलीच्या पाळणाघराची सोय, सगळं तेवढ्यात उरकायचं होतं. मॅनेजर ग्लेन होबार्टने तिला बिनघोर जायला सांगितलं.

ती परतली तेव्हा तिच्या जागेवर ग्लेनची मेहुणी उभी होती. ग्लेनने कॉरिनला ऑफिसात बोलावलं आणि दार उघडंच ठेवून म्हणाला, "तुझा नवरा जाणार, तू रजा घेणार. हे दर वेळी कोण सोसणार? बस आता घरी. सरकार पोसतंय की तुम्हाला."

कॉरिन तशीच घरी गेली आणि कायदा शोधून वाचायला बसली.

सैनिकाच्या जोडीदाराला ही रजा कायद्यानेच मिळते आणि तिच्यापायी नोकरी काढून घेता येत नाही, हे कलम तिने तोंडपाठ केलं. कामगार खात्यात तक्रार दिली. त्या दिवशी दाराबाहेर असलेल्या तिघींच्या घरी जाऊन साक्षी लिहून घेतल्या. रोमन फोनवर समजवायचा, सोड गं, दुसरीकडे बघ. ती म्हणायची, नोकरी कुठेही मिळेल, हा माणूस पुन्हा तावडीत सापडणार नाही.

सात महिन्यांनी कंपनी नमली. भरपाई घ्या आणि विषय मिटवा, असं कंपनीच्या वकिलाने सुचवलं. कॉरिनने अट घातली: माझी जागा, माझी शिफ्ट, आणि तो कायदा ग्लेनने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने वाचायचा.

सोमवारी यंत्रं थांबवली. साठ माणसं गोळा झाली. ग्लेन मान खाली घालून भराभर वाचत सुटला.

"एक ओळ गाळलीत," पहिल्या रांगेतून कॉरिन म्हणाली. "परत आल्यावर तीच किंवा तिच्या तोडीची जागा मिळेल, ती."

त्याने ती वाचली.

"मागे ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा."

या खेपेला त्याचा आवाज चिरकला. काहींनी नजर वळवली. कॉरिनने वळवली नाही.

महिन्याभरात ग्लेन बदली मागून निघून गेला. त्याच्या निरोपाचा केक फिरला तेव्हा कॉरिनने एक तुकडा खाल्ला, आणि दुसरा मागून घेतला.