उशिरा येणारी ताटं

आमच्याकडे जेवण फार उशिरा येतं, अशी तक्रार गेल्या हिवाळ्यापासून सुरू झाली. बंदरावरच्या पाच खोल्या, गरम पाण्याचा हौद आणि थंडीत माझ्या नवऱ्याच्या, गेन्झोंच्या हातचा फुगु, यावर आमचं पाहुणघर चाळीस वर्षं चाललंय. फुगु म्हणजे पोटात विष बाळगणारा मासा. तो कापायला परवाना लागतो आणि तो यांच्याकडे लग्नाआधीपासून आहे.

पण हल्ली सगळं तयार असलं तरी हे स्वयंपाकघराचं दार लावून आत अर्धा तास बसायचे. वरून पाहुण्यांची घंटा वाजायची आणि बोलणी खायची मी. "कासवसुद्धा तुमच्या आधी पोचेल," असं मी म्हणायची, तर हे नुसते हसायचे.

यांनी वर्तमानपत्र सोडलं होतं, सुईत दोराही माझ्याकडून ओवून घ्यायचे. मला दिसत होतं. विचारलं असतं तर यांच्या हातातली सुरी कायमची सुटली असती, म्हणून मी विचारलं नाही. ती चूक माझीच.

त्या संध्याकाळी ओकाबे नवराबायको वरच्या खोलीत उतरले होते. यांनी तीन मासे कापले. विषारी भाग पत्र्याच्या डब्यात जातात आणि ते मोजून कुलूप लावायचं काम माझं. तीन मासे, म्हणजे कलेज्या तीन. मी दोन मोजल्या. काडीने सगळं उलटंपालटं करून पुन्हा मोजल्या. दोनच. तिसरी जेवणात गेली असणार.

मी जिना कसा चढले ते आठवत नाही. दार सरकवलं तर दोघं रिकाम्या मेजासमोर बसलेली. "वास तर मघापासून येतोय," ओकाबेबाई हसून म्हणाल्या, "ताट काही येत नाही." मी वाकून माफी मागितली आणि खाली धावले. इतकी खूश मी कधी झाले नसेन.

स्वयंपाकघराचं दार ढकललं. हे तिवईवर बसले होते. समोर वाफाळतं भांडं, हातात रिकामा वाडगा.

"वर काही नेऊ नकोस," हे म्हणाले. जीभ जड झाली होती. "ओठ बधिर झालेत."

"अहो, तुम्ही खाल्लंत?"

"रोजच खातो. आधी मी. अर्ध्या तासात काही झालं नाही, की मगच वर पाठवतो." मग खाली बघून म्हणाले, "दिसत नाही गं मला."

मी दवाखान्यात फोन लावला. गाडी घाट ओलांडून यायला चाळीस मिनिटं. या विषाला उतारा नाही. शुद्ध राहते, श्वास बंद पडतो. तो थांबला तर तोंडाने हवा भरत राहा, फोनवरच्या माणसाने सांगितलं. मी यांना जमिनीवर आडवं केलं. बोटं हलेनाशी झाली होती, डोळे मात्र माझ्यावरच होते. मला भीती वाटत होती, आणि यांना ती दिसू नये असंही वाटत होतं.

वर घंटा वाजली.

"सांग त्यांना," हे कसेबसे म्हणाले, "उशीर होईल."

घंटा पुन्हा वाजली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी "आले, आले" म्हटलं नाही. यांच्या नाकाखाली हात धरून बसून राहिले.